मूल आळशी आहे असं म्हणण्याआधी या चुका टाळा

"दप्तर भर, डबा घासायला टाक, क्लासची फी घे आणि येताना दूध आण." कोपरखैरण्याहून वाशीला क्लासला निघालेल्या माझ्या नववीतल्या मुलाला मी हे एका दमात सांगितलं. दूध आलं, फीचं पाकीट मात्र टेबलावरच राहिलं. मी त्याला ओरडले, पण चूक माझ्या सांगण्यात होती. माणसाच्या डोक्यात एका वेळी जेमतेम तीन-चार गोष्टी तरंगत राहतात. मध्येच मित्राचा फोन आला की त्यातलीही एखादी निसटते. आता पाकीट रात्रीच त्याच्या बुटात ठेवते.

दुसरी चूक जास्त दुखावणारी आहे, ती म्हणजे 'आळशी' हा शिक्का. आखणी करणं, मोह आवरणं, एका कामातून दुसऱ्यात शिरणं ही कामं मुख्यतः कपाळामागचा मेंदू करतो. त्याची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते. 1848 मध्ये अमेरिकेत रेल्वेच्या कामावरच्या फिनिअस गेजच्या डोक्यातून लोखंडी कांब आरपार गेली आणि मेंदूच्या नेमक्या याच भागाला इजा झाली. तो वाचला, बोलत-चालत राहिला. पण त्याच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय की तो बेत आखायचा आणि लगेच सोडून द्यायचा. पुढे चिलीमध्ये त्याने काही वर्षं घोडागाडी हाकली. त्या कामाच्या ठरलेल्या दिनक्रमाने तो बराच सावरला असावा, असं काही अभ्यासकांना वाटतं. मला यातला हाच भाग मोलाचा वाटतो: आतली घडी विस्कटलेली असली तरी बाहेरची घडी आधार देते. आपल्या मुलांच्या मेंदूला इजा झालेली नाही, त्यांची आतली घडी अजून बसतेय, इतकंच.

पण भिंतीवरचं रंगीत वेळापत्रक फारसं कामाला येत नाही. 'रोज तीन तास अभ्यास' यात सुरुवात कुठून करायची हेच नसतं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी सुचवलेली 'अमुक झालं की तमुक करायचं' ही पद्धत वापरा. 'क्लासहून आलो, हात-पाय धुतले की बीजगणिताची वही उघडायची.' वाक्य मुलालाच ठरवू द्या.

मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. झोप कापून अभ्यास करून घेऊ नका, कारण अपुऱ्या झोपेत स्वतःला आवरणं मोठ्यांनाही जमत नाही.

आणि हे सगळं करूनही, अगदी लहानपणापासून घरी आणि शाळेतही तीच ओढाताण दिसत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ते एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड करणारी मेंदूच्या वाढीतली अडचण, असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत.