समाजमाध्यमे सोडून स्वतःच्या संकेतस्थळावर कसे यावे

स्वतंत्रपणे काम करणारे अनेक चित्रकार, लेखक, छायाचित्रकार आणि संगीतकार समाजमाध्यमांना कंटाळलेले असतात, पण ती सोडताना क्रम चुकवतात. आधी रागाच्या भरात खाते बंद केले जाते आणि मग संकेतस्थळाचा विचार सुरू होतो. तोपर्यंत जुने काम, त्याखालचे लेखन आणि वर्षानुवर्षे जोडलेली माणसे हातातून निसटलेली असतात. हा क्रम नेमका उलटा असायला हवा: आधी स्वतःचा पत्ता, मग काम, मग वाचक आणि सगळ्यात शेवटी खाते.

ही तयारी खाते सोडायचे नसले तरी करावी असे मला वाटते. 2009 मध्ये मोफत संकेतस्थळे देणाऱ्या जिओसिटीजची मुख्य सेवा बंद झाली, 2014 मध्ये ऑर्कुट हे समाजमाध्यम आणि 2019 मध्ये सर्वसामान्य वापरकर्त्यांसाठीचे गूगल प्लस. त्याच 2019 साली, सर्व्हर बदलताना 2015 पर्यंत चढवलेली गाणी नष्ट झाल्याचे मायस्पेस या समाजमाध्यमाने मान्य केले. ज्या संगीतकारांकडे मूळ ध्वनिफिती नव्हत्या, त्यांचे ते काम बहुतांशी कायमचेच गेले.

पहिली पायरी डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या इंटरनेटवरील नावाची. शक्यतो स्वतःच्या नावाचे, उच्चारायला आणि टंकायला सोपे असे डोमेन घ्यावे. ते संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नावावर नव्हे, तर स्वतःच्याच नावावर नोंदवलेले असावे. यावर कोणतीही तडजोड करू नये. डोमेन विकत मिळत नाही, ते ठरावीक मुदतीसाठी नोंदवले जाते. डॉट कॉमसारख्या डोमेनची नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी करता येते. म्हणून स्वयंचलित नूतनीकरण चालू ठेवावे. नोंदणीच्या खात्याला जोडलेला ईमेल पत्ता मात्र त्याच डोमेनवरचा नसावा, कारण डोमेनची मुदत संपली तर तो पत्ताही बंद पडतो आणि मुदतवाढीच्या सूचना आपल्यापर्यंत पोहोचतच नाहीत. डोमेन आणि होस्टिंग (संकेतस्थळाच्या फाइली ठेवण्याची सेवा) वेगवेगळ्या कंपन्यांकडे ठेवले तर पुढे होस्टिंग बदलणे सोपे जाते.

संकेतस्थळ कशावर उभारावे, या प्रश्नावर लोक गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतात. 2003 पासून चालत आलेले वर्डप्रेस हे संकेतस्थळ बनवण्याचे सॉफ्टवेअर बहुतेकांना पुरते. थोडे तांत्रिक ज्ञान असल्यास ह्यूगो किंवा इलेव्हन्टी यांसारख्या साधनांनी साध्या, स्थिर फाइलींचे संकेतस्थळ बनवता येते, जे वेगाने उघडते आणि ज्याची देखभाल कमी लागते. निवड करताना एकच प्रश्न निर्णायक मानावा: उद्या येथून निघायचे झाले तर सर्व मजकूर आणि चित्रे वापरता येतील अशा रूपात बाहेर काढता येतील का? सुरक्षित जोडणीसाठी लागणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या सेवेकडून विनामूल्य मिळते आणि बहुतेक होस्टिंग कंपन्या ते आपोआप बसवून देतात.

यानंतर जुने काम बाहेर काढायचे, आणि या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि एक्स (पूर्वीचे ट्विटर) या तिन्ही ठिकाणी आपली माहिती उतरवून घेण्याची सोय सेटिंगमध्ये असते. विनंती केल्यावर फाइल तयार व्हायला काही तास किंवा काही दिवस लागू शकतात. फेसबुक आणि इन्स्टाग्राम एचटीएमएल (ब्राउझरमध्ये वाचता येणारी पाने) आणि जेसन (माहिती साठवण्याचा एक मजकूर-प्रकार) असे दोन पर्याय देतात. जेसन यंत्राने वाचायला सोयीचे असते, पण या दोन सेवांच्या जेसन फाइलींत देवनागरी मजकूर अनेकदा चुकीच्या संकेतांत येतो आणि एका ओळीच्या वर्णनाच्या जागी अर्थहीन चिन्हांची लांबलचक रांग दिसते. ती दुरुस्त करता येते, पण त्यासाठी प्रोग्रॅम लिहावा लागतो. म्हणून दोन्ही प्रकार उतरवून घ्यावेत आणि वाचण्यासाठी एचटीएमएल वापरावा.

उतरवलेल्या फोल्डरमधील चित्रे हे आपले मूळ काम नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. समाजमाध्यमे चित्रे लहान करतात, दाबतात आणि कॅमेऱ्याने नोंदवलेला तपशील बहुधा काढून टाकतात. त्यामुळे फोल्डर केवळ यादीसारखा वापरावा: कोणते काम कधी प्रसिद्ध केले आणि त्याखाली काय लिहिले होते, एवढे त्यातून घ्यावे आणि चित्र मात्र स्वतःच्या संग्रहातील मूळ फाइलीवरून नव्याने तयार करावे. सगळेच हलवण्याचा अट्टहास करू नये. दहा वर्षांच्या पोस्टमधून साठ चांगली कामे निघाली तर ती साठच मांडावीत, पण प्रत्येकाला स्वतंत्र पान, शीर्षक, मूळ तारीख, माध्यम आणि ते कसे घडले याचा एखादा परिच्छेद द्यावा. चित्राचे शब्दांतले वर्णनही जोडावे. दृष्टिहीन वाचकांचे स्क्रीन रीडर तेच वाचून दाखवतात. समाजमाध्यमाच्या फीडमध्ये एक दिवस दिसून मागे पडलेल्या कामाला अशा पानावर पुन्हा नीट पाहिले जाते, आणि माझ्या मते एवढ्या एका कारणासाठीही हा सारा खटाटोप सार्थ आहे.

पानांचे पत्ते सुरुवातीलाच विचारपूर्वक ठरवावेत आणि नंतर बदलू नयेत. बदलणे भागच पडले तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमस्वरूपी पुनर्निर्देशन लावावे, म्हणजे जुना पत्ता उघडणारा आपोआप नव्या पानावर पोहोचेल.

आता माणसांना वाट दाखवायची. संकेतस्थळाला आरएसएस फीड, म्हणजे नवे काम वाचकाच्या फीड-वाचक ॲपमध्ये आपोआप पोहोचवणारी यादी, असलाच पाहिजे. 1999 मध्ये सुरू झालेले हे तंत्र 2013 मध्ये असे फीड वाचण्याची सेवा गूगल रीडर बंद झाल्यावर संपले असे अनेकांना वाटले, पण पॉडकास्टचे वितरण आजही त्यावरच चालते आणि वाचक व निर्माता यांच्यामध्ये तेथे कोणताही अल्गोरिदम बसलेला नसतो. ज्यांना फीड वापरता येत नाही त्यांच्यासाठी ईमेलने नवे काम कळवण्याची सोय ठेवावी. नाव नोंदवणाऱ्याकडून ईमेलद्वारेच दुसऱ्यांदा संमती घ्यावी, प्रत्येक पत्रात नाव काढून घेण्याचा दुवा द्यावा आणि पत्त्यांची यादी वेळोवेळी स्वतःकडे उतरवून ठेवावी. पत्र स्वतःच्या डोमेनवरून पाठवायचे असेल तर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, पत्र खरोखर आपल्याकडूनच आल्याचे पटवणाऱ्या, डोमेनच्या नोंदी लावून घ्याव्यात. 2024 पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांसाठी त्या बंधनकारक केल्या आहेत.

यानंतर काही महिने दोन्हीकडे राहावे. नवे काम आधी संकेतस्थळावर प्रसिद्ध करावे आणि मगच समाजमाध्यमावर त्याचा एखादा अंश व दुवा द्यावा. निघण्याची सूचना एकदाच देऊन थांबू नये, कारण समाजमाध्यमाचा फीड प्रत्येक पोस्ट प्रत्येकाला दाखवत नाही. ती निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या शब्दांत पुनःपुन्हा द्यावी आणि प्रोफाइलमध्येही नवा पत्ता लिहावा. ज्यांनी आपले काम विकत घेतले आहे किंवा ज्यांच्याबरोबर आपण काम केले आहे, त्यांना मात्र स्वतंत्र पत्र लिहावे. हजार अनुसरणाऱ्यांपैकी संकेतस्थळापर्यंत थोडेच येतील, आणि ते थोडे जण बहुतेक याच लोकांपैकी असतील.

खाते बंद करण्यापूर्वी त्या खात्याने इतर कोणकोणत्या सेवांत प्रवेश केला जातो ते तपासून तेथे ईमेल आणि पासवर्ड लावावा. तात्पुरते बंद करणे आणि कायमचे हटवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर हटवण्याच्या विनंतीनंतर तीस दिवसांची मुदत मिळते आणि त्या काळात पुन्हा प्रवेश केल्यास विनंती मागे घेता येते. एक्सवरही निष्क्रिय केलेले खाते तीस दिवसांत परत मिळते. ज्यांचे नाव लोकांना ठाऊक आहे त्यांनी लगेच खाते हटवू नये, असा माझा आग्रह आहे. सुटलेले वापरकर्ता-नाव पुढे दुसऱ्याच्या हाती गेले तर जुने दुवे त्याच्याकडे जातील. जुन्या पोस्ट काढून नव्या पत्त्याची एकच सूचना वर ठेवावी, फोनमधून ॲप काढावे आणि ते खाते तसेच राहू द्यावे.

संकेतस्थळावर सुरुवातीला शांतता जाणवते. शोधयंत्रांना पाने सापडायला वेळ लागतो, त्यांना साइटमॅप (संकेतस्थळावरील पानांची यादी) द्यावा. प्रत्येक पानाच्या तळाशी ईमेल पत्ता ठेवावा, आलेल्या पत्रांना उत्तर द्यावे आणि आपल्याला आवडणाऱ्या इतर कलावंतांच्या संकेतस्थळांचे दुवे एका पानावर मांडावेत. अनेक वाचक अशाच दुव्यांवरून येतात.

संपूर्ण संकेतस्थळाच्या तीन प्रती ठेवाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. वर्षातून एकदा त्यांतील एक प्रत प्रत्यक्ष उघडून ती पूर्ण चालते का ते पाहावे. महत्त्वाची पाने वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करून घ्यावीत. डोमेन कोठे नोंदवले आहे, नूतनीकरण केव्हा येते आणि पासवर्ड कोठे ठेवले आहेत हे एका कागदावर लिहून विश्वासातल्या एका व्यक्तीकडे द्यावे.