चढणीच्या माशांमागे जाताना या चुका टाळा

मृगाचा पाऊस झाला, ओढ्यानाल्यांचं गढूळ पाणी कृष्णेत उतरलं, की मासे प्रवाहाच्या उलटे चढायला लागतात. मग कऱ्हाडपासून हरिपूरपर्यंत काठावर माणसं दिसतात. अलीकडे त्यातल्या बऱ्याच पोरांनी अलास्काच्या सॅल्मनचे व्हिडिओ पाहिलेले असतात. त्यातून गळाची गोडी लागली तर चांगलंच आहे. पण सॅल्मनची अर्धीच गोष्ट डोक्यात ठेवून इथे उतरलं, तर मासा हुकतोच आणि नदीचंही नुकसान होतं.

अंडी घातली की मासा मरणारच, असं धरून चालणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. प्रशांत महासागरातले चिनूक, सॉकाय, कोहो हे सॅल्मन समुद्रात वाढतात आणि जन्मलेल्या नदीचा वास ओळखून तिथेच परततात. गोड्या पाण्यात शिरल्यावर ते खाणं सोडतात आणि अंगातल्या चरबीवर वर चढत राहतात. मादी शेपटीने खडीत खड्डा करते, काही हजार अंडी घालते, वरून खडी लोटते. त्यानंतर थोड्याच दिवसांत नर-मादी दोघंही मरतात. अटलांटिक सॅल्मनमधले काही मात्र वाचतात, समुद्रात जातात आणि पुन्हा येतात.

आपला रोहू, कटला, मृगळ किंवा महसीर असा मरत नाही. तीच मादी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा चढते, त्याच्या पुढच्या वर्षीही चढते. म्हणून जूनमध्ये गाभोळीने पोट फुगलेली मादी मारली, की तिचे पुढचे सगळे पावसाळे गेले. किलोभराच्या रोहूच्या पोटात २ लाखांच्या घरात अंडी असतात, मग एका मासोळीने काय फरक पडतो, असं काठावर हमखास ऐकू येतं. पण सॅल्मनची अंडी खडीखाली झाकलेली असतात. रोहूची उघडीच पुराच्या पाण्याबरोबर वाहत जातात आणि त्यातली फारच थोडी तगतात. अंडी लाखांत असतात ती त्यासाठीच.

गाभोळी चवीला उत्तम लागते, हे मीही नाकारत नाही. तरी पहिल्या पावसातली मादी सोडून द्या. हात आधी ओले करा, कोरड्या हाताने तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. कल्ल्यात बोट घालून फोटोसाठी उचलू नका. गळ घशात गेला असेल तर ओढाताण न करता तंगूस (गळाची दोरी) तोंडाजवळ कापा.

बंधाऱ्याखाली आडवं जाळं लावणं

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढले असतील तर माशाला वाट मिळते. काढायचे राहिले, तर चढणारे सगळे मासे भिंतीखाली कोंडतात आणि नेमके तिथेच जाळं लागतं. ही मासेमारी नाही, बियाणं खाणं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

अमेरिकेत कोलंबिया नदीवरच्या बॉनव्हिल धरणाला १९३८ पासून माशांसाठी पायऱ्यांची वाट आहे. त्याच नदीवर पुढे ग्रँड कूली बांधलं, त्याला वाट ठेवली नाही आणि वरच्या खोऱ्यातला सॅल्मन संपला. क्लॅमथ नदीवरची ४ धरणं पाडण्याचं काम २०२४ मध्ये पुरं झालं, तर त्याच ऑक्टोबरमध्ये चिनूक जुन्या भिंतींच्या वरच्या अंगाला दिसले. आपल्याकडे कोयना, धोम, चांदोलीच्या भिंती मासा चढू शकत नाही. त्याला उरतात धरणाखालचे पट्टे आणि पावसाळी ओढे. तेव्हा ओढ्याच्या तोंडाशी आडवं जाळं नको, मच्छरदाणी तर नकोच नको. जिलेटिनच्या कांड्या आणि विष यांना तर कायद्यानेच बंदी आहे.

मरळीच्या पिल्लांवर गळ टाकणं

पाण्यावर तांबूस पिल्लांचा घोळका दिसला की त्यात रबरी बेडूक टाकायचा, मरळ झेपावतेच. ती भुकेने येत नाही, पिल्लं राखायला येते. नदीत परतलेला सॅल्मनही चमच्यावर (धातूच्या चकचकीत आमिषावर) झडप घालतो ती पोट भरायला नाही. राखणारे आईबाप उचलले की त्या घोळक्याचा फडशा दुसरे मासे पाडतात. घोळका दिसला की तिथून पुढे जा.

गढूळ पाण्यात चकचकीत आमिष

सॅल्मनच्या नद्या थंड आणि बऱ्याचदा नितळ असतात, तिथे चमकणारं आमिष लांबून दिसतं. आषाढातल्या कृष्णेत वीतभर अंतरावरचं दिसत नाही. मासा लागत नसेल तर रॉड बदलू नका, वासाचं आमिष लावा. गांडूळ किंवा कणकेची गोळी चालते. मुख्य धारेत न टाकता पुलाच्या खांबामागे, काठाच्या संथ पाण्यात टाका. चमच्याची हौस असेल तर दसरा-दिवाळीपर्यंत थांबा, पाणी निवळू द्या.

तोंड वर काढणारे मासे गोळा करणं

पाणी काळपट झालंय, मळीचा वास येतोय आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत, म्हणजे पाण्यातला प्राणवायू संपलाय. पोती भरून ते मासे घरी नेऊ नका, विकू तर अजिबात नका. फोटो काढा, जागा आणि वेळ लिहा, ग्रामपंचायत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा.

शेततळ्यात अंड्यांची वाट पाहणं

रोहू-कटला साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. १० जुलै १९५७ ला कटकमध्ये हिरालाल चौधरी आणि सहकाऱ्यांनी संप्रेरक टोचून या माशांचं प्रजनन घडवलं, तेव्हापासून हे बीज तयार करता येऊ लागलं. बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) विकत आणूनच सोडा.

पाण्यात उतरून उभं राहणं

व्हिडिओतला माणूस कमरेएवढ्या पाण्यात उभा असतो. भिलवडी, औदुंबर, सांगलीच्या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत आणि माणसांवर हल्ले झालेत. गळ काठावरून, पाण्यापासून चार पावलं मागे राहून टाका, अंधार पडायच्या आत उठा, मासे पाण्याच्या कडेला साफ करू नका. कोयनेतून विसर्ग वाढवल्याचं कळलं की त्या दिवसापुरतं सामान आवरा.