मोबाइल डेटावर व्हीपीएन अडलं तर

कॉलेज रोडच्या घरी वायफायवर ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा सुरक्षित बोगदा) मस्त चालायचं. पंचवटीत मावशीकडे गेलो, मोबाइल डेटा लावला, की 'कनेक्टेड' दिसायचं आणि पान मात्र एकही उघडायचं नाही. दोन संध्याकाळी त्यात गेल्या, मावशीचा चहाही गार झाला.

दोषी निघाला एमटीयू, म्हणजे डेटाच्या एका तुकड्याचा, पॅकेटचा, कमाल आकार. व्हीपीएन प्रत्येक पॅकेटवर स्वतःचं वेष्टण चढवतं. वायरगार्ड या व्हीपीएनचं वेष्टण आयपीव्ही४ (जुन्या इंटरनेट पत्त्यांवर) ६० बाइट, आयपीव्ही६ (नव्या पत्त्यांवर) ८०. मोबाइल नेटवर्कच्या वाटेत जागा कमी असली की फुगलेली पॅकेट वाटेतच गळतात. छोटं पिंग (सर्व्हर उत्तर देतो का बघणारा संदेश) जातं, मोठं पान अडकतं, ही त्याची खूण. वायरगार्ड ॲपमध्ये टनेल (म्हणजे व्हीपीएनची जोडणी) एडिट करून एमटीयू १२८० टाकला आणि गाडी सुटली.

टनेल जुळतच नसेल तर नेटवर्कवर यूडीपी (पोच न मागता डेटा पाठवायची पद्धत) अडवलं जातंय का बघा. वायरगार्ड यूडीपीवरच चालतं. सर्व्हरवर सोय असेल तर ओपनव्हीपीएन हे दुसरं व्हीपीएन टीसीपी (पोच घेऊन पाठवायची पद्धत) पोर्ट ४४३ वर, म्हणजे सुरक्षित वेबसाइटांच्याच वाटेवर लावा. जरा हळू, पण चालतं.

थोड्या वेळाने तुटतंय? वायरगार्डमध्ये पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा छोटा संदेश) २५ सेकंदांवर ठेवा, ॲपपुरती बॅटरी बचत बंद करा.

आणि हो, अँड्रॉइडच्या हॉटस्पॉटवरच्या लॅपटॉपला फोनचं व्हीपीएन सहसा मिळत नाही. तिथे वेगळं लावा.