हॉलिवूडी प्रेमकादंबरी वाचायची तर कॉलशीटवर लक्ष ठेवा

इंग्रजीत सध्या सिनेमा-टीव्हीच्या दुनियेत घडणाऱ्या प्रेमकादंबऱ्यांचं पेव फुटलंय. नट आणि त्याची प्रसिद्धी सांभाळणारी पब्लिसिस्ट, पटकथालेखिका आणि तिचा जुना जोडीदार, गायक आणि बॉडीगार्ड. कोण कोणाच्या प्रेमात पडणार हे मुखपृष्ठावरच कळतं आणि शेवट गोड होणार हेही ठरलेलं असतं. तरीही रात्री दोनपर्यंत पानं उलटावीशी वाटतात, कारण खरी चुरस ‘जमेल का’ यात नसते. कामाचं वेळापत्रक आणि कागदावरचे करार त्या दोघांच्या मध्ये कुठे-कुठे येतात, ही असते. ते नेपथ्य म्हणून सोडून दिलंत, तर हातात फक्त गोड संवाद उरतात.

निवडण्यापासून सुरुवात करू. मुखपृष्ठावर कार्टूनसारखी रंगीत जोडी आहे म्हणजे आतला मजकूर सोज्वळ, असं अजिबात नाही. पूर्वी उघड्या छातीच्या नायकाचा फोटो असायचा, आता चित्र असतं. आत दोन्हीकडे सारखंच असू शकतं. नमुना म्हणून फुकट उतरवता येणाऱ्या सुरुवातीच्या पानांत शृंगार सहसा येतच नाही, त्यामुळे त्यावरून अंदाज बांधू नका. वाचकांच्या अभिप्रायांत ‘ओपन डोअर’ लिहिलंय की ‘क्लोज्ड डोअर’ ते बघा. पहिल्यात प्रसंग सविस्तर येतात, दुसऱ्यात दार लागतं आणि एकदम सकाळ होते.

नमुन्याचा उपयोग वेगळा आहे. लेखिकेला या धंद्याची माहिती आहे का, ते त्यात कळतं. सेटवर फर्स्ट असिस्टंट डायरेक्टर दिसतो का? वेळ सांभाळून सेट चालवणारा तोच. दुसऱ्या दिवशीची कॉलशीट, म्हणजे कोणी किती वाजता कुठे हजर राहायचं याचा कागद, आदल्या संध्याकाळी येते का? एजंट, मॅनेजर आणि पब्लिसिस्ट ही तीन वेगळी माणसं आहेत का? एजंट काम मिळवून देतो आणि साधारण १० टक्के घेतो, मॅनेजर कारकिर्दीची दिशा बघतो, पब्लिसिस्ट पत्रकारांना सांभाळते. हे तिघं एकाच पात्रात कोंबलेले असतील, तर पुढे पब्लिसिस्टनं आपल्याच क्लायंटच्या प्रेमात पडणं एवढं धोक्याचं का, हे वाचकाला पटत नाही.

आपल्याकडे शूटिंग म्हटलं की डोळ्यांसमोर दैनंदिन मालिका येते: बारा-बारा तासांची शिफ्ट आणि आज शूट केलेला भाग थोड्याच दिवसांत टीव्हीवर. हॉलिवूडच्या सिनेमाची चाल निराळी. दोन-तीन महिने शूटिंग, मग सगळे पांगतात आणि सिनेमा यायला बऱ्याचदा वर्ष लागतं. तेव्हा प्रमोशनसाठी त्याच दोघांना हॉटेलच्या खोलीत शेजारी बसवतात. दर चार-पाच मिनिटांनी नवा पत्रकार, प्रश्न तोच, आणि हसू टिकवायचं. मधल्या वर्षात त्यांचं बिनसलेलं असलं, तर या खोलीइतकी सोयीची जागा लेखिकेला शोधून सापडणार नाही. म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला एवढंच विचारा: आत्ता शूटिंग चालू आहे, मधला काळ आहे की प्रमोशन? कथा २०२३च्या उन्हाळ्यात घडत असेल, तर आणखी काही तारखा हाताशी ठेवा. लेखकांचा संप २ मेपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत आणि कलाकारांचा १४ जुलैपासून ९ नोव्हेंबरपर्यंत चालला. संपकाळात कलाकारांना मोठ्या स्टुडिओंच्या सिनेमांचं प्रमोशन करता येत नव्हतं.

थेट प्रक्षेपित होणाऱ्या विनोदी कार्यक्रमावर बेतलेली कादंबरी मिळाली, तर आधी ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’चा आठवडा समजून घ्या. हा कार्यक्रम १९७५पासून न्यूयॉर्कमध्ये चालू आहे आणि अशा कथांचा साचा बहुतेक तोच असतो. सोमवारी पाहुण्या होस्टला कल्पना ऐकवतात. मंगळवारी रात्रभर लेखन. बुधवारी सगळ्या स्किटचं एकत्र वाचन, त्यातली बरीचशी तिथेच गळतात. पुढचे दोन दिवस पुनर्लेखन, सेट आणि तालमी. शनिवारी रात्री आठला प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम, तिच्यानंतर पुन्हा काटछाट, आणि साडेअकराला थेट प्रक्षेपण. स्किट लिहिणारी नायिका आणि होस्ट यांच्या हातात सहाच दिवस! मंगळवारची जागरणाची रात्र कादंबरीत हमखास का येते, ते आता कळेल. रंगीत तालमीनंतर नायिकेचं स्किट उडालं, तर त्याला किरकोळ प्रसंग समजू नका. तिचा अख्खा आठवडा तिथे वाया गेलेला असतो.

नाटकी प्रेमाचा प्रकार, म्हणजे प्रसिद्धीसाठी जोडी असल्याचं भासवणं, अनेकांना अशक्य वाटतो. त्याला इतिहास आहे. १९२१मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओनं कलाकारांच्या करारात नैतिक वर्तनाचं कलम घातलं. पुढची काही दशकं स्टुडिओच कोणी कोणाबरोबर दिसायचं ते ठरवत. अशा कादंबरीत करार ठरतो ते प्रकरण सावकाश वाचा आणि तीन गोष्टी बुकमार्कवर टिपून ठेवा: मुदत किती, खरं कोणाकोणाला माहीत आहे, आणि बिंग फुटलं तर नुकसान कोणाचं. तिसऱ्याचं उत्तर गुळमुळीत असेल, तर पुढचा बिघाड, म्हणजे शेवटाआधी दोघांचं फिसकटतं तो प्रसंग, फुसका निघणार, हे आत्ताच समजा.

तो बिघाड साधारण ७५ ते ८० टक्के पुस्तक झाल्यावर येतो. बरेच जण तिथेच ‘एक फोन केला असता तर मिटलं असतं’ म्हणून पुस्तक खाली ठेवतात. कधीकधी ते बरोबरही असतं. भांडणाचं मूळ कामात असेल (भूमिका, करार, पापाराझींनी काढलेला फोटो), तर नेटानं पुढे जा. नुसता गैरसमज असेल, तर पानं भरभर उलटली तरी चालतील. झोपायचं असेल, तर ७० टक्क्यांवर थांबा. बिघाडावर थांबलात, तर दुसऱ्या दिवशी पुस्तक हातात घ्यावंसं वाटत नाही.

हा नायक खऱ्या आयुष्यातला कोणता नट, याचा शोध मात्र पुस्तक संपल्यावरच घ्या. आधी घेतलात, तर त्या नटाविषयी वाचलेली सगळी गॉसिप पात्राला चिकटते आणि लेखिकेनं काय घडवलंय ते दिसेनासं होतं.

ऑडिओबुक ऐकणार असाल, तर ‘ड्युअल’ आणि ‘ड्युएट’ या दोन आवाजांतल्या वाचनाच्या प्रकारांतला फरक बघून घ्या. ड्युअलमध्ये एका प्रकरणाला एकच आवाज, त्यामुळे नायकाचे संवादही कधी नायिकेच्या आवाजात येतात. ड्युएटमध्ये ज्याचे संवाद त्याच्याच आवाजात. साडेतीनशे पानांना नऊ ते अकरा तास लागतात. वेग वाढवण्याचा मोह टाळा. हजरजबाबी संवादांतला क्षणभराचा विराम गेला, की विनोदही जातो. अमेरिकेत राहणाऱ्यांना सार्वजनिक वाचनालयाच्या कार्डावर ‘लिबी’ ॲपमधून अशी पुस्तकं फुकट मिळतात, पण गाजलेल्या पुस्तकांची प्रतीक्षायादी लांबलचक असते, तेव्हा नाव आधीच नोंदवून ठेवा.

उपसंहार गाळू नका. तो बहुधा सहा महिने किंवा वर्षभरानंतरचा असतो. त्यात एकच तपासा: दोघांपैकी कोणाचं काम बदललं, कोणी शहर सोडलं? ढिसाळ लेखिका दर वेळी नायिकेलाच सामान बांधायला लावते. उपसंहारात उगाचच दोन ओळी बोलून गेलेली मैत्रीण पुष्कळदा पुढच्या पुस्तकाची नायिका असते, आणि तिचं पहिलं प्रकरण याच फाइलच्या शेवटी जोडलेलं असतं. त्यामुळे रीडरवर ९३ टक्के दिसत असताना गोष्ट संपली, तर गोंधळून जाऊ नका.