नव्या वर्गाची ओळख करून घेताना या चुका टाळा

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या तासाचा कार्यक्रम ठरलेला: एकेकानं उभं राहायचं आणि नाव, गाव, वडील काय करतात ते सांगायचं. चार-पाच पोरांनंतर कोणी ऐकत नाही, खरं तर शिक्षकही नाही. ज्याचे वडील हयात नाहीत किंवा घर सोडून गेलेत, ते पोर मात्र आपली पाळी येईपर्यंत घामाघूम झालेलं असतं. घरची माहिती जनरल रजिस्टरमधून, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीतून, आणि आधीच्या वर्गशिक्षकांकडून घ्या. पोरांना विचारायचं तर सायकल येते का, भाकरी थापता येते का, शेळीचं नाव काय ठेवलंय, असं विचारा. मग बघा, गप्प बसवावं लागेल.

त्याहून वाईट म्हणजे शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी भर वर्गात जात विचारणं, किंवा गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव जागांवर आलेल्यांना हात वर करायला लावणं. मानसिक छळाला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंदी आहे. पण ही साधी गोष्ट कळायला कायदा कशाला लागावा?

स्टाफरूममध्ये 'हा डांबरट आहे, तिच्याकडून काही होणार नाही' असं कोणी सांगू लागलं, तर चहा पीत ऐकून घ्या आणि विसरा. विचारा ते नेमकं: कोणाला फिट येते, कोणाला कमी ऐकू येतं, कोणत्या दोघांना शेजारी बसवायचं नाही.

नावं पाठ होत नाहीत? पोरं रोज जागा बदलत असतील. पहिले पंधरा दिवस बाक ठरवून द्या आणि बाकांचा नकाशा हजेरीपटात घाला. एकाच वर्गात तीन ओंकार निघाले तर वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर जोडा. 'काळा ओंकार', 'जाड्या ओंकार' ही नावं दहावीपर्यंत चिकटतात.

एखादं मूल तोंडच उघडत नसेल तर 'अबोल' अशी नोंद करायची घाई नको. मेळघाटात पहिलीला आलेलं पोर घरी कोरकू बोलत असतं. चौथीतलं भावंड दोन दिवस शेजारी बसवलं की तेच पोर बडबडायला लागतं. बीडकडं ऊसतोडीच्या फडावरून परतलेल्या मुलाचे दिवाळीपासूनचे धडेच बुडालेले असतात. त्याची पहिल्याच दिवशी चाचणी घेऊन काय कळणार? आठवडाभर गोष्टी, खेळ, वाचन होऊ द्या, मग पेपर काढा.