कॅम्पिंगची तयारी टायरपासून सुरू करा

क्रेटा, सेल्टोससारखी घरची गाडी घेऊन भंडारदऱ्याला तंबू ठोकायला जायचंय? मग आधी टायर बघा. कंपनीने दिलेल्याच मापाचे ऑल-टेरेन, म्हणजे कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांवर चालणारे टायर घ्या; मोठे घातले तर चाक वळवताना मडगार्डच्या कमानीला घासतं आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. कच्चा रस्ता लागला की हवा ३३ वरून २५ पीएसआयच्या आसपास उतरवा. टायर जमिनीवर पसरतो, पकड वाढते, मागे बसलेल्या मुलांना हादरेही कमी बसतात. डांबरी रस्ता लागताच मात्र हवा पुन्हा भरायचीच, कारण कमी हवेवर वेगात पळवलं तर टायर तापून फुटू शकतो. त्यासाठी १२ व्होल्टचा कंप्रेसर डिकीत हवाच.

मग इंजिनाखाली स्टीलची गार्ड प्लेट. दगड लागून ऑइल चेंबर फुटलं तर गाडी तिथेच अडकते.

छतावरचा तंबू मोहात पाडतो, पण तो एकटाच ५०-६० किलोंचा असतो. मॅन्युअलमधली छताची भारमर्यादा वाचल्याशिवाय घेऊ नका. साधा जमिनीवरचा तंबू मला कधीही बरा वाटतो. बुलबार, म्हणजे गाडीच्या पुढे लावतात तो लोखंडी बार, तर नकोच, २०१७ पासून त्यावर बंदी आहे.