चौकटीच्या वहीत अठरा अंकी संख्या कशी बांधायची

शेवटचा अंक उचलून पुढे ठेवला की दुप्पट होणारी ही अठरा अंकी संख्या पाठ करू नका, हातानं काढा. माझ्याकडे शिकवणीला येणारी सहावी-सातवीची पोरं लाइट गेली की हेच काढत बसतात.

चौकटीच्या वहीत एका ओळीत अठरा चौकटी मोजा. सगळ्यात उजवीकडे १ लिहा आणि डावीकडे सरकत दुप्पट करत चला: २, ४, ८. आठ दुणे सोळा, ६ लिहा, हातचा १. सहा दुणे बारा आणि हातचा एक, तेरा. ३ लिहा, हातचा पुन्हा १. तीन दुणे सहा, हातच्यासकट ७. आता हातचा नाही. पोरं घसरतात ती नेमकी इथं: नसलेला हातचा पुढे ओढत नेतात. म्हणून हातचा डोक्यात ठेवू नका, चौकटीच्या वर बारीक लिहा. अठरावी चौकट भरली की डावीकडून वाचा:

०५२६३१५७८९४७३६८४२१

सुरुवातीचं शून्य पुसायचं नाही, ते संख्येचाच भाग आहे. (वैदिक गणिताच्या क्लासात ही रीत ‘एकाधिकेन पूर्वेण’ म्हणून शिकवतात. रीत झकास आहे. वेदांत मात्र ती सापडत नाही.)

आता हिची दुप्पट हवी? गुणाकार नको. शेवटचा १ उचलून पुढे ठेवा: १०५२६३१५७८९४७३६८४२. पडताळा हातानंच घ्या. दुकानातल्या बारा आकडी कॅल्क्युलेटरवर ही मावत नाही, आणि एक्सेल पंधरा अंकांपुढे सरळ शून्यं भरतं, तेही तुम्हाला न सांगता.

सात पट हवी असेल तर शेवटी ७ यायला हवा. ओळीत ७ दोन आहेत, मग कुठला? पाच सत्ते पस्तीस, म्हणजे उत्तर ३ नं सुरू होणार. ९४७ मधल्या ७ नंतर ओळ कापा, मागचा तुकडा पुढे आणा: ३६८४२१०५२६३१५७८९४७. १५७ मधल्या ७ नंतर कापलंत तर सतरा पट मिळते. अठरा पटीपर्यंत हेच अंक याच क्रमानं फिरतात. एकोणीस पट केलीत की अठराच्या अठरा ९.

सगळं गुपित त्या १९ मध्येच आहे. शेवटचा १ पुढे नेणं म्हणजे संख्येतून १ वजा करा, १० नं भागा आणि एकावर सतरा शून्यं मिळवा. याला दुपटीइतकं मांडून समीकरण सोडवलं की संख्येची १९ पट म्हणजे अठरा नऊ, असंच निघतं. आणि अठरा नवांना १९ नं पूर्ण भाग जातो, हे फर्माच्या छोट्या प्रमेयावरून, म्हणजे मूळ संख्यांच्या भागाकाराच्या एका नियमावरून, कळतं.

ओळ मधोमध तोडून बेरीज करा: ०५२६३१५७८ + ९४७३६८४२१ = ९९९९९९९९९. तीन तुकडे करून पाहा, तरी सहा नऊच.

रविवार मोकळा असेल तर एकपट ते अठरा पट अशा अठरा ओळी एकाखाली एक लिहा. कुठलीही आडवी ओळ, कुठलाही उभा रकाना किंवा दोन्हींपैकी कोणताही कर्ण घ्या, बेरीज ८१. एखाद्या रकान्यात ८० आले तर हातचा तपासा.